सीटमागची टाकी

गॅरेजात दोन गोष्टींचा ढीग लागतो, भंगाराचा आणि किश्शांचा. भंगार वजनावर जातं. किस्से न्यायला कुणी येत नाही, म्हणून मला सांगत बसावं लागतं!

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पाऊस गायब होता. तेव्हा मी ख्वाजा उस्तादांच्या गॅरेजात वेल्डर होतो. शिवलिंगअप्पा आमचे कायमचे गिऱ्हाईक. गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तुरीचा व्यापार, कपाळावर भस्म, आणि जिवापाड जपलेली एक जुनी विलायती पिकअप. सगळं झकास, फक्त पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागं उभी! गाडी बनवणाऱ्यानंच तशी दिलेली. बसणाऱ्याची पाठ आणि पेट्रोल यांच्यात एक पत्रा आणि चार बोटं काथ्या.

*

उदगीरला अप्पांच्या भाचीचं लग्न. अप्पांच्या बायकोला, महादेवीअक्कांना, सगळे अक्काच म्हणायचे. त्या भर उन्हाळ्यात दोन तास टाकीला टेकून बसलेल्या. मांडवात उतरल्या तर इरकल लुगड्याला अत्तरासारखा पेट्रोलचा घमघमाट!

नवरदेवाला ओवाळायला त्यांनी ताट उचललं, तशी विहीणबाई पळत आली. ताटातलं निरांजन काढून घेतलं आणि म्हणाली, "अक्का, तुमी नुसतं कुंकू लावा. दिवा आमी लांबून दाखवतो!"

*

जिल्ह्याच्या नव्या कचेरीत बदलून आलेले एक साहेब. औशाच्या रस्त्यावर त्यांची जीप बंद पडली. अप्पांनी लिफ्ट दिली. साहेब ऐसपैस टेकले, सिगारेट ओठात धरली, काडी ओढली.

"साहेब, टाकी तुमच्या पाठीलाच हाय," अप्पा शांतपणे म्हणाले.

साहेबांनी पेटती काडी मुठीत विझवली! गाडी थांबवायला लावली, उतरले आणि उन्हात चालू लागले. अप्पा शेजारून गाडी हळूहळू नेत विनवत राहिले, "बसा की साहेब! आता न्हाई काही होत!"

"नको," साहेब म्हणाले, "जिल्हा आत्ताच झालाय. मला तो बघायचाय!"

*

पुढं टाकीची शिवण पाझरायला लागली. अप्पा फटीत साबण दाबून दाबून दिवस काढत होते. एका सकाळी अक्का स्वतः गॅरेजात आल्या, मागून अप्पा.

"उस्ताद, ह्या गाडीत आता एक तर ही टाकी बसंल, न्हाई तर मी."

अप्पा गाडीकडं बघतच उभे.

अक्का गरकन वळल्या, "अवो, विचार काय करायलात?"

त्याच दिवशी टाकी बाहेर काढली!

*

टाकी मागं, माल ठेवायच्या हौद्याच्या खाली, चॅसीच्या दोन पट्ट्यांमध्ये बसवायचं ठरलं. पण आधी शिवण वेल्डिंग करायची. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट. पेट्रोल जातं, वाफ आत राहते, ठिणगी पडली की संपलं. म्हणून पाण्यानं काठोकाठ भरायची आणि मगच हात लावायचा. आणि आमच्या गल्लीत टँकर चार दिवसांतून एकदा!

मी म्हणालो, "उस्ताद, दोन दिवस उन्हात वाळवू की. होतंय."

उस्तादांनी माझ्या हातातला होल्डर काढून घेतला. "नारायण, तुज्या आईला मी काय सांगू? पानी आन."

टँकर आला तशी टाकी खांद्यावर टाकून मी रांगेत गेलो आणि घागरींच्या मध्ये ठेवली. मागची बाई म्हणाली, "भाऊ, कुनाच्या घरची रं ही घागर?" सगळ्या हसल्या. मी खरं ते सांगितलं, पाण्याशिवाय वेल्डिंग केलं तर ही फुटते. हसणं थांबलं. पुढं एक म्हातारी होती. तिनं आपली कळशी बाजूला घेतली आणि पाईप ओढून माझ्या टाकीत सोडला.

भरलेली टाकी हातगाड्यावर घालून गॅरेजात आणली आणि वेल्डिंगला बसलो. शेवटचा टाका पडला आणि मी चष्मा वर केला, तर रस्त्यापलीकडं सगळ्या बाया कळशा कडेवर घेऊन उभ्या. म्हातारीनं तिथूनच हाळी दिली, "जगलास का? मग दे आता आमचं पानी!"

*

टाकी मागं बसली, पण आतला तरंगता गोळा, ज्यावर पेट्रोलचा काटा चालतो, तो आम्ही उलटा बसवला. ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आठ दिवस अप्पा गंजभर सांगत फिरले, "उस्तादाचा हात म्हंजे काय! गाडी पेट्रोल पीतच न्हाई. जितकी पळवावी तितका काटा वर!"

नवव्या दिवशी निरोप आला. गाडी निलंग्याजवळ बंद पडलीय, काटा फुल्ल आहे!

*

दिवाळीच्या अलीकडची गोष्ट. सकाळी टाकी भरून अप्पा आणि अक्का लेकीकडं निघाले. सीटमागं आता मोकळी जागा होती. तिथं अक्कांनी लेकीसाठी ज्वारीची पिशवी ठेवलेली. औशाच्या पुढं डॅशबोर्डखालची वायर जळाली. धूर झाला, दोघं दोन दारांनी उड्या मारून बाहेर पडले आणि सीट भडकली. पाणी कुठलं! येणाऱ्याजाणाऱ्यांनी ओंजळी-ओंजळीनं माती टाकून विझवली.

निरोप मिळताच उस्ताद आणि मी मोटारसायकलवर सुटलो. पोचलो तर सीटच्या नुसत्या स्प्रिंगा उरलेल्या. अप्पा बाभळीखाली बसलेले, चेहरा पांढराफटक. उस्ताद गाडीच्या मागं गेले, वाकले, हौद्याखालच्या टाकीवर तळहात ठेवला. टाकी गार होती. मग तिथंच धुळीत बसले.

अक्कांनी जळक्या सीटच्या मागं हात घातला, ती पिशवी ओढून काढली आणि पदरात रिकामी केली. निम्मी ज्वारी कोळसा झालेली. बाकीची फुटून पांढरीशुभ्र.

त्यांनी राख फुंकली, मूठ भरली आणि उस्तादांच्या पुढं धरली.

"घ्या उस्ताद. लाह्या हायेत. गरम हायेत."