नानांच्या पानाच्या डब्यातला रुपया

नानांचं सगळ्यात भारी नाणं खोटं हाय, हे मीच सांगितलं होतं.

आज सकाळी नाना गेले.

मी कधी पोस्ट टाकत न्हाई. चार माणसांत बोलायला बी जमत न्हाई मला. नववीत शाळा सुटली. पण आज लिहून राहिले.

नाना साखरा गावचे. एसटीत कंडक्टर होते. तिकिटाच्या पैशात जुनं नाणं आलं की खिशातलं टाकून बदलून घ्यायचे. तिथून नाद लागला.

रिटायर झाल्यावर दर आठवडी बाजाराला कनेरगाव नाक्यावर चहाच्या हॉटेलात बसायचे. असाच नाद असलेले पाच-सहा जण जमायचे.

मी तिथं गेले ते याडीचं नाणं घेऊन. याडी म्हंजे आमच्या तांड्यावर आई. तिच्या माळेत एक रामदरबाराचं नाणं होतं, मागं कंपनी सरकारचं नाव, साल १८१८. मोबाईलवर दाखवून राहिले होते, लाखाचं हाय म्हणून.

त्यांच्यातले एक रस्त्याची कामं घेणारे गुत्तेदार हसले. "अगं, हे जत्रेतलं. कंपनीनं असं नाणं पाडलंच न्हाई. साल बी मनचं टाकलंय. हातोडा मार त्याला, न्हाई तर उद्या कुणीतरी फसंल."

मला रडूच आलं.

नाना म्हणले, "हातोडा काहून? हिच्या मायनं एवढी वर्षं गळ्यात घातलंय."

"मग विकू द्यायचं का?"

"चिठ्ठी लावायची. खोटं हाय असं लिहून ठेवलं की ते कुणाला फसवत न्हाई."

यावर दर बाजारी भांडण. गुत्तेदार म्हणायचे वितळवा, नाना म्हणायचे जपा. चहा दोनदा व्हायचा, भांडण तेच.

नानांकडं पानाचा पितळी डबा होता. त्यात पान नसायचं, फक्त खोटी नाणी. काही आकडा कोरून साल बदललेली. काही, नाणं पाडलंच न्हाई अशा सालाची.

प्रत्येकाला जुन्या तिकिटाच्या कोऱ्या बाजूवर चिठ्ठी. काय खोटं हाय, अन् ओळखलं कुणी.

सगळ्या चिठ्ठ्यांवर नाव नानांचंच.

अन् वेगळ्या मखमली डबीत त्यांचा १९३९ चा चांदीचा रुपया. त्या सालचा रुपया लई कमी भेटतो. वाशिमहून माणसं बघायला यायची.

एक दिवस तो माझ्या हातात दिला. "भिंग घे अन् बघ गं."

याडीच्या माळेत १९३८ चे चार रुपये हायेत. लहानपणापासून चिंच लावून मीच उजळते ते. वापरून वापरून पडलेल्या रेघा आडव्यातिडव्या असतेत.

नानांच्या रुपयावर शेवटच्या नऊजवळच्या रेघा सगळ्या एकाच बाजूला, कानस मारल्यागत.

मी भिंग खाली ठेवलं.

"काय झालं पोरी?"

"काई न्हाई, नाना."

"काई न्हाईचं तोंड असं नसतंय. बोल."

"नाना... हा आठ होता."

गुत्तेदार म्हणले, "शाळा सोडलेलं पोरगं, हिला काय कळतंय?"

नानांनी भिंग घेतलं. लई वेळ बघितलं. चहावर साय आली.

मग म्हणले, "बराबर हाय. आठाचा खालचा गोल कोरून नऊ केलाय."

गुत्तेदार हळूच बोलले, "नाना, राहू द्या. आमी कुणाला सांगत न्हाई. तुमचं नाव हाय या भागात."

"लोकाच्या नाण्याला चिठ्ठी अन् माझ्याला मखमल, असं कसं जमंल?"

तिथंच खिशातून जुनं तिकीट काढलं, काहीतरी लिहिलं, रुपया पितळी डब्यात टाकला.

मी दोन बाजार गेलेच न्हाई. तोंड कसं दाखवू.

तिसऱ्या बाजारी नाना सोताच तांड्यावर आले. याडीला म्हणले, "लेकरू रुसलं का माझ्यावर?"

मी रुसले असं वाटलं त्यांना.

याडी आजबी ते रामदरबाराचं नाणं घालते. कुणी विचारलं तर ऐटीत सांगते, "खोटं हाय. नानांची चिठ्ठी हाय आमच्याकडं."

आज माती झाल्यावर नानांच्या लेकीनं तो पितळी डबा माझ्या हातात दिला. "नाना म्हणले होते, हा तुलाच द्यायचा."

मी त्या रुपयाची चिठ्ठी आज पहिल्यांदा वाचली.

"१९३८ चा १९३९ केलेला. मी एवढी वर्षं खरा समजलो. ओळखलं —"

अन् पुढं माझं नाव. बापाच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण.

शाळेच्या हजेरीतून गेल्यापासून ते कुणी लिहिलंच नव्हतं.

नाना, डबा माझ्यापाशी हाय. चिठ्ठ्या लिहीत जाईन.

शेवटचा रामराम घ्या, नाना.