पूजलेली मशीन

चिखलीतल्या ज्या शेडमध्ये मी लोखंडी पार्ट कातून घेतो, तिथल्या लेथवाल्याला धनुर्वाताच्या इंजेक्शनचं भारी वेड. अर्थात दुसऱ्यांसाठी. कुणाला खिळा लागो की पत्रा, हा आधी नळाखाली साबणानं जखम धुवायला लावणार आणि मग विचारणार, "टीटी कधी घेतलं व्हतं? आठवत न्हाई? मग चला दवाखान्यात." फुटक्या ग्लासानं बोट कापलेल्या चहावाल्यालाही त्यानं सोडलं नाही.

स्वतःच्या अंगठ्याला मात्र कायम तेलकट चिंधी. विचारलं की म्हणणार, "आपल्याला काय व्हत न्हाई राव. मशीन पूजलेली हाय." दर दसऱ्याला तो लेथला हळदकुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो. अशी मशीन मालकाला धनुर्वात कसा देईल?

परवा त्याच लेथखालचा लोखंडाचा कीस बाजूला सारताना माझा तळवा फाटला. मी म्हटलं, "पूजलेल्या मशीनचं लागलंय, काही होणार नाही ना?"

"माझी मशीन हाय ती. तुमाला कुठं वळखती?" असं म्हणत त्यानं माझा हात धुतला आणि मला गाडीवर बसवलं.

माझं इंजेक्शन झाल्यावर मी डॉक्टरबाईंना हळूच त्याचा अंगठा दाखवला. त्यांनी चिंधी सोडली, आतली जखम बघितली आणि दुसरी सिरिंज भरली. गडी पांढराफटक. डोळे घट्ट मिटून, माझा चांगला हात धरून बसला.

बाहेर आल्यावर त्यानं गाडीच्या किकवर पाय ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "राव, मशीनला कळू देऊ नका."