तिसऱ्या मजल्याला नाही म्हणणारी

कुठल्याही कचेरीत गेली की ती आधी फरशीवर बसायची. पाय मुडपून, पदर कमरेला खोचून, पिशवी मांडीत. कुणी खुर्ची पुढे केली तर म्हणायची, "खुर्ची नको. खुर्चीवरच्याला लवकर उठवत्यात. खाली बसलेल्याला कोन उठवणार?"

तुम्ही कचेऱ्यांचे हेलपाटे घातले असतील तर तुम्हाला हे लगेच पटेल. मला पटायला वेळ लागला, कारण पहिल्यांदा ती बसली ती माझ्याच दुकानाच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाची वाट अडवून.

दुकान म्हणजे सावेडी उपनगराच्या टोकाला सिमेंट-पत्र्याचं गोडाऊन आणि पुढे एक टेबल. मी श्रीगोंद्याकडचा. गवंड्याच्या हाताखाली पाट्या वाहत शहरात आलो आणि पुढे स्वतः घरं बांधायला घेतली. थोडं अनुदान, थोडं बँकेचं कर्ज अशी जोडून जी लहान घरं उभी राहतात, त्यांतली इकडची बरीच माझ्या हातची आहेत. पण त्याच भागात मोठा गृहप्रकल्प निघाला तेव्हा मला दारातूनच परत पाठवलं. का, तर मोठ्या इमारतीचा अनुभव नाही. काम बाहेरच्या कंपनीला गेलं. ते अजून माझ्या घशात अडकलेलं आहे आणि मी ते गिळणारही नाही.

तर ही बाई. पन्नाशी कधीच ओलांडलेली, नवरा गेलेला, मुलगा संगमनेरला एका डेअरीत. उन्हाळाभर कुरडया, पापड, सांडगे करून विकायची. वस्तीतल्या पाच-सहा बायका तिच्या हाताखाली असत. प्रकल्प येणार तो तिच्याच वस्तीवर. झोपड्या जाणार आणि प्रत्येकाला फ्लॅट मिळणार. वस्तीच्या तोंडाशी असलेला तिचा तुकडा मात्र तिच्या नावावर होता, सातबाऱ्यासकट. तिला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर देत होते.

"मावशी, घ्या की," मी म्हटलं. "लिफ्ट आहे."

"लिफ्ट माझ्यासाठी. उनाला लिफ्ट हाय का? वाळवन कुठं घालू? गच्चीला सोसायटीचं कुलूप. मला माझ्या जागंत घर पायजे. वर स्लॅब पायजे आन् स्लॅबवर जायला जिना."

"जिना नकाशात नाही. अनुदान घराला आहे, जिन्याला नाही. लोखंडी शिडी लावून देतो."

"ते तुमचं झालं," ती म्हणाली. "आता माझं ऐका."

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं, की ते कानावर पडलं की आता आपलं काही खरं नाही हे मला कळायचं. ती दुसऱ्या दिवशी मला तिच्या अंगणात घेऊन गेली. चुलीवर गव्हाचा चीक रटरटत होता. तिने परातीत गरम चीक ओतला, परात माझ्या हातात दिली आणि पत्र्याला टेकवलेली शिडी दाखवली.

"चढा."

कुरडयांचा चीक गरम असतानाच सोऱ्यातून पाडावा लागतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. एका हातात परात, एका हातात शिडी. तिसऱ्या पायरीवर परात कलंडली आणि माझा शर्ट, चप्पल, अब्रू सगळं चिकट झालं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"शेट, असं रोज धा येळा," ती म्हणाली. "शिडी लावता का जिना?"

मी भाव करणारा माणूस आहे. खडीवाल्याला रडवलंय, सळईवाल्याला भावाच्या पायऱ्या उतरायला लावलंय. पण त्या दिवशी जिना कबूल करून घरी आलो, तो मजुरी न वाढवता. बायकोने शर्ट भिजत घालताना कारण विचारलं, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मग बँक. गृहकर्जाचे साहेब तरुण होते, वागायलाही बरे. म्हणाले, "आजी, वय झालंय, पगार नाही. मुलाची सही आणा, लगेच करून टाकू."

मुलगा सही द्यायला तयार नव्हता असं नाही. पण त्याला आईने फ्लॅट घ्यावा असं वाटत होतं, आणि ते त्याने फोनवर सांगितलंही होतं.

"त्याच्या सहीनं घर झालं तर घर त्याच्या मर्जीचं होईल," ती साहेबांना म्हणाली. "माझं उत्पन्न बघायला या की. कागदावर दिसत न्हाई ते."

"कुठे येऊ?"

"माझ्या अंगनात. उनाचं या."

साहेब आले, त्यांना न्यायला मीच होतो. एप्रिल तापलेला. अंगणभर जुन्या साड्या अंथरलेल्या, त्यांवर कुरडयांची पांढरी वेटोळी, पाय ठेवायला जागा नाही. साहेब कडेला उभे राहून फाइल उघडणार, तोच ती ओरडली, "सायब, सावली पडतीय! सरका!"

साहेब सरकले. तिकडे दुसरी बाई म्हणाली, "आता माझ्यावर पडली." साहेब पुन्हा सरकले. असं करत करत ते चपला काढून भिंतीला पाठ लावून उभे राहिले, डोक्यावर फाइल धरून. एवढ्यात सायकलवरून एक गृहस्थ आले, त्यांनी लग्नाच्या रुखवतासाठी सांगितलेला माल उचलला. मागोमाग एक बाई स्कूटरवर, पुढच्या महिन्याची आगाऊ मागणी द्यायला. साहेब भिंतीला चिकटून बघत होते.

निघताना ते मला हळूच म्हणाले, "आमच्या घरी ज्या कुरडया येतात त्या इथल्याच दिसतात."

"मग तिचं उत्पन्न तुम्हीच खाताय की," मी म्हणालो.

कर्ज मंजूर झालं. मागितलं त्यापेक्षा कमी, पण तिच्या एकटीच्या सहीवर.

जोतं वर आलं तेव्हा प्रकल्पाचा एक माणूस माझ्याकडे आला. गोड बोलणारा. त्यांच्या इमारतींकडे जाणारा रस्ता सरळ काढायचा तर तिच्याच तुकड्यावरून जात होता. "शेठ, तिला समजवा," तो म्हणाला. "एकाऐवजी दोन फ्लॅट देऊ. आणि तुमचंही बघू. कंपाउंडची भिंत तुम्हाला देतो."

भिंत! घरं त्यांनी बांधायची आणि मी कुंपण घालायचं! रागाने माझ्या हातातला चहा त्याच्या बुटावर सांडला. मुद्दाम नाही, पण वाईटही वाटलं नाही. तरी दोन फ्लॅट म्हणजे काय ते मला कळत होतं. तिच्यापासून लपवणं बरं नव्हतं. मी जाऊन सगळं सांगितलं, भिंतीसकट.

ती जोत्यावर पाणी मारत होती. पाइप खाली न ठेवताच म्हणाली, "तुमी काय म्हनालात?"

"मी चहा सांडला."

"मग मला कशाला इचारता?" असं म्हणून तिने पाइप माझ्या पायांवर फिरवला. "सरका. जोतं सुकतंय."

घर झालं. अनुदानाच्या शेवटच्या हप्त्यासाठी घरासमोर मालकिणीचा फोटो लागतो. फोटो काढणारा इंजिनिअर म्हणाला, "मावशी, दारात उभ्या राहा, तिकडे नको. जिना मंजूर नकाशात नाही, फोटोत येतोय."

ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर जाऊन उभी राहिली. "येऊ द्या. बांधलाय तर दिसंल."

त्याने पुष्कळ विनवलं. शेवटी त्याने तसाच फोटो काढला. वर कचेरीत त्याला काय ऐकावं लागलं मला माहीत नाही. हप्ता आला.

त्या स्लॅबवर तिने किती उन्हाळे काढले, तर फार नाहीत. गेल्या थंडीत दोन दिवस ताप आला आणि ती गेली. दहाव्याला मुलगा माझ्या शेजारी बसला. शांत पोरगा आहे, आईसारखा भांडखोर नाही. म्हणाला, "काका, बँकेचं राहिलेलं मी फेडतो. पण मी संगमनेरला. ते लोक परत आलेत. जागेचा भाव काय येईल, तुम्हीच सांगा. तुम्हाला सगळं कळतं."

मला कळतं. त्या तुकड्याचा भाव मला रुपयापर्यंत माहीत होता, आणि त्यांना अडवून तो किती चढवता येईल हेही. आयुष्यभर मी कुणी न विचारता भाव सांगत आलो.

"मला नाही माहीत," मी म्हणालो.

तो उठला आणि तिच्या हाताखालच्या बायकांमधल्या थोरलीला त्याने किल्ली दिली. उन्हाळ्यापुरती, म्हणाला. उन्हाळा संपला, पावसाळाही गेला, किल्ली अजून तिच्याकडेच आहे.

प्रकल्पाच्या इमारती उभ्या राहिल्या. रस्ताही झाला. मुख्य रस्त्यापासून तो सरळ येतो, तिच्या भिंतीपाशी अडतो, काटकोनात वळसा घालतो आणि मग पुन्हा सरळ होतो. परवा त्या वळणावर एका मोठ्या गाडीवाल्याने काच खाली करून मला विचारलं, "काय हो, रस्ता सरळ का नाही काढला?"

"इथं एक बाई राहत होती," मी म्हणालो.

त्याने वर बघितलं. गच्चीवर साड्या अंथरलेल्या होत्या. मग त्याने काच चढवली, स्टिअरिंग पुरतं फिरवलं आणि वळसा घालून गेला.