बैलाचे मागचे पाय

मुलांनो,

रविवारी तुमच्या आईचा फोन आला. धाकट्याला शाळेच्या नाटकात गाईचे मागचे पाय व्हायला सांगितले आहे आणि त्याने दोन दिवस घरात अबोला धरला आहे, असे कळले. ही हकिगत मी तुम्हाला कधीतरी सांगणारच होते, पण आता थांबून चालणार नाही. आपल्या घरात हे काम आधी एकाने केलेले आहे. तुमचे आजोबा बैलाचे मागचे पाय होते. फक्त दोन दिवस, पण सरकारी नोकरीत असताना. सगळे क्रमाने सांगते.

साल बहात्तर. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. शेतात काहीच उरले नव्हते, म्हणून सरकारने गावोगावी दुष्काळी कामे काढली होती. आजोबा अशाच एका कामावर ओव्हरसियर होते. काष्टीपासून पाचेक मैलांवर तलावाचा बांध घालायचे काम होते. पुरुष खणत आणि खांद्यावरून माती वाहात, बाया ती डोक्यावरून वाहात आणि आजोबा टेप घेऊन ती मोजत. त्यांच्या पँटला त्या धुळीतसुद्धा इस्त्री असे. ती मी करत असे, म्हणून खात्रीने सांगते.

मी नगरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. महिन्याची रजा काढून मी तिथे गेले आणि पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आले की बांधाखालच्या कडुलिंबाच्या सावलीत बसलेली मुले दंगा करत नाहीत. भांडत नाहीत, पळत नाहीत, एकमेकांना खडे मारत नाहीत. दंगा न करणारी मुले मिळावीत म्हणून मी शाळेत कितीदा देवाला विनवले असेल. ती मिळाली आणि मला ती बघवेनात. सरकारकडून त्यांना दुपारी सुकडी मिळे. सुकडी म्हणजे गहू, डाळ, शेंगदाणे आणि गूळ यांचा कोरडा भरडा. तो ती मूठमूठ खात आणि पुन्हा गप्प बसत.

मी इंग्रजी पुस्तकांतून वाचले होते की अशा मुलांच्या हाती रंग द्यावेत, त्यांना सोंगे करू द्यावीत, मग त्यांचे मन मोकळे होते. मी निळ्या पुठ्ठ्याची वही काढून वेळापत्रक आखले. सोमवारी चित्रे, मंगळवारी मातीकाम, बुधवारी मुखवटे, गुरुवारी नाटक. शुक्रवारच्या रकान्यात मी ‘आनंद’ असे लिहिले होते. हसू नका. मी चोवीस वर्षांची होते.

सोमवारी मी नगरहून आणलेले खडू वाटले आणि मनात येईल ते काढा म्हणाले. कोणी हात लावेना. नवे खडू झिजवायचे कसे, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. शेवटी मीच प्रत्येक खडूचे टोक दगडावर घासून तो जुना करून दिला, तेव्हा कामाला सुरुवात झाली. तासाभराने कागद गोळा केले तर सगळ्यांनी बैल काढले होते. निळे, हिरवे, गुलाबी, काही सहा पायांचे. पोळा पंधरा दिवसांवर आला होता आणि गावात जवळजवळ बैल उरले नव्हते. कोणी ते गुरांच्या छावणीत सोडले होते, कोणी विकले होते. पोळा करायचा नाही, असे गावाने ठरवलेच होते.

एक कागद कोरा होता. तो एका नऊ वर्षांच्या मुलीचा होता. ती काष्टीच्या रस्त्याकडे तोंड करून बसायची, दिवसभर. तिच्या आईने मातीची पाटी उतरवता उतरवता मला सांगितले, की हिच्या बापाने बैल काष्टीच्या बाजारात विकला तेव्हापासून ही त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही, आणि आता खातही नाही, रात्री बळेच पाजलेल्या पेजेवर आहे. हातावर सुकडी दिली की ती मूठ मिटून बसे आणि संध्याकाळी झाडाखाली मुंग्यांची रांग लागलेली असे. तिच्या पायांच्या काड्या झाल्या होत्या. आईला तिची भीती वाटत होती, आणि दोन दिवसांनी मलाही वाटू लागली. बाप बांधावरच काम करायचा. अंगाने आडवा, स्वभावाने मुका. पाटी रिकामी करायला आला की तो तिच्या पाठीकडे बघायचा आणि परत जायचा.

मी वेळापत्रक मोडले. पोळा आपण करू, कागदाचा बैल करू, असे मुलांना सांगितले. मुले पहिल्यांदा उठून उभी राहिली.

बैलाचे डोके रद्दी कागदांचे करायचे होते. चिकटवायला मी मिलोच्या पिठाची खळ शिजवली. मिलो म्हणजे तेव्हा रेशनवर मिळणारी परदेशी लाल ज्वारी. खळ निवायला ठेवून मी कागद फाडत बसले आणि मागे वळून पाहिले तर पातेले चाटूनपुसून लख्ख. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चव चांगली होती, पण मीठ कमी होते, असे एकाने मला सांगितले. तिसऱ्या दिवशी मी कडुलिंबाचा पाला वाटून खळीत कालवला. सर्वांनी एकेक बोट चाटून पाहिले, माझ्याकडे दुखावल्या नजरेने पाहिले आणि मुकाट्याने डोके तयार केले. त्याला काट्याकुट्यांची शिंगे लावली. गोधडीचे अंग केले.

मग गोधडीखाली दोन मुले शिरली आणि बैल चालू लागला. म्हणजे पुढचा भाग सुकडीच्या डब्याकडे गेला आणि मागचा सावलीकडे. दोन्ही भाग एकत्र आणून मी बैलाला बसायला सांगितले. बैल आधी मागचे पाय दुमडून खाली टेकला, मग पुढचे. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

रस्त्याकडे तोंड करून बसलेली ती मुलगी वळली.

“ह्यो बैल न्हाई,” ती म्हणाली. “बैल आदी फुडचं गुडघं टेकतो. ह्यो कुत्रा हाय.”

तिची आई बांधावर पाटी घेऊन तशीच उभी राहिली. मी वही मिटली, कारण त्यानंतर तिचा उपयोग उरला नव्हता. मुलगी उठली, आली आणि तिने तालमीचा ताबा घेतला.

अशी कडक दिग्दर्शिका मी पुढे कुठल्याही स्नेहसंमेलनात पाहिली नाही. बैल बसताना आधी पुढून बसतो, उठताना आधी मागून उठतो. तो मान कशी झटकतो, माशी बसली की फक्त तेवढीच कातडी कशी थरथरवतो, हे सगळे तिने करून दाखवले. गोधडीची कातडी थरथरेना म्हणून तिने मागच्या मुलाला तीनदा बदलले. पण खात मात्र ती अजूनही नव्हती. मी एकदा फार आग्रह केला, तेव्हा तिने मला, अडाणी माणसाला समजावावे तसे सांगितले, “बैलाला पैला घास दिल्याबगर कसं खायाचं, बाई?”

तेव्हा मला उमगले. त्यांच्या घरी रोज पहिली भाकरी बैलाला जायची, आणि ती द्यायचे काम तिचे होते. पोरगी हट्ट करत नव्हती. ती आपली पाळी येण्याची वाट बघत होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जोखडाने घासलेल्या खांद्यांना तेल-हळद चोळायची रीत आहे. मुलीने गोधडीखालच्या दोन्ही मुलांचे खांदे चाचपून पाहिले आणि त्यांना बाहेर काढले. हाडे आणि चामडी, मळायचे काय? ती तडक बांधावर गेली. बाप दिवसाची शेवटची पाटी रिती करत होता. दीड महिन्यानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

“आबा, बैल तुमी इकला नव्हं? मंग आता तुमीच व्हा बैल.”

त्याने पाटी खाली ठेवली आणि तो वाकला. तिने त्याच्या डोक्यावर बैलाचे डोके चढवले. आता मागच्या पायांचा प्रश्न आला. मागे मूल घातले तर बैल पुढून उंट आणि मागून शेळी दिसू लागला. बापाच्या उंचीचे माणूस हवे होते. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि बोट तुमच्या आजोबांकडे केले. आजोबांनी माझ्याकडे पाहिले. मी वही उघडून तीत काहीतरी शोधू लागले. त्यांनी टेप गुंडाळून खिशात ठेवला, टोपी काढून माझ्या हातात दिली आणि इस्त्रीच्या पँटसकट गोधडीखाली गेले.

आईने वाटीत चमचाभर तेल आणले. तेवढेच होते. मुलीने हळद कालवून बापाचे खांदे मळायला घेतले. माती वाहून ते सोललेले होते. मी टोपी धरून शेजारीच उभी होते, म्हणून मला ऐकू आले. ती बैलाच्या कानाशी वाकून विचारत होती, त्याला तिकडे सावली आहे का, पाणी दोन वेळा मिळते का, रात्री कोणी हाक मारते का. प्रत्येक प्रश्नाला कागदी डोके हलत होते. शेवटी आतून आवाज आला.

“श्रीगोंद्याकडं बागायतदाराकडं हाय. उसाचं वाढं खातोय. म्या दोनदा बघून आलोय.”

तिचा हात थांबला. मग तिने पुन्हा चोळायला सुरुवात केली.

“बैल बोलत नस्तो,” ती म्हणाली.

बैल त्यानंतर बोलला नाही. पण त्याची कातडी मात्र अगदी हवी तशी थरथरत होती, आणि ते माशीमुळे नव्हते.

दुसऱ्या दिवशी बैलाची मिरवणूक निघाली. पोळा करायचा नाही असे ठरवलेले सारे गाव मारुतीच्या देवळापाशी जमले. आईने बैलाचे चारी पाय धुतले. त्यातले दोनच तिच्या नवऱ्याचे असल्यामुळे बायकांनी जी थट्टा केली ती मी इथे लिहीत नाही. मग मुलीने सुकडीचा लाडू वळून बैलाच्या तोंडात घातला. आत तो कडू मुखवट्याला घासून गेला असणार, पण बैलाने तो खाल्ला. मुलगी त्याच्याकडे नीट बघत राहिली. त्याने गिळल्याची खात्री झाल्यावर तिने दुसरा लाडू वळला आणि स्वतः खाल्ला. मग तिसरा. आईने तोंडाला पदर लावला. मागच्या बाजूने, इथे आम्हाला काहीच मिळालेले नाही, असा इंग्रजीत निषेध ऐकू आला.

नेमकी तेव्हाच जीप आली. आजोबांचे वरचे साहेब अचानक पाहणीला आले होते. ओव्हरसियर कुठे आहेत, असे त्यांनी हजेरी घेणाऱ्या कारकुनाला विचारले. कारकून प्रामाणिक माणूस. त्याने शेपटीकडे बोट दाखवले.

बैल त्या वेळी बसलेला होता. आजोबा बाहेर यायला धडपडले, पण मुलीने गोधडीवर हात ठेवला. देवळाला फेरी झाल्याशिवाय बैल मोडायचा नाही, असे तिने साहेबांना सांगितले. मग साहेब शेपटीशी उकिडवे बसले आणि बांधाची उंची किती झाली, असे त्यांनी विचारले. शेपटीने फूट-इंचांत उत्तर दिले. साहेबांनी जादा पाणी सोडायच्या सांडव्याचे विचारले. शेपटीने तेही सांगितले आणि घमेली कमी पडतात अशी तक्रारही केली. नंतर बैल उठला, आधी मागून, जसा उठायला हवा तसा. त्यामुळे साहेबांना पहिल्यांदा दर्शन झाले ते तुमच्या आजोबांच्या पँटचे. इस्त्री गेली होती. साहेबांनी बैलाला कुंकू लावले, पुढच्या बाजूला, आणि ते निघून गेले. नवी घमेली आठवड्यात आली.

तेव्हा धाकट्या, मागच्या पायांना एवढेच लक्षात ठेवायचे असते की उठताना आधी आपण उठायचे. शिक्षिकेला हे माहीत नसेल तर तिला सांग. नम्रपणे सांग.

मुलीचा बैल परत आला नाही. पण त्या दिवसापासून ती बापाच्या शेजारी बसून जेवू लागली. पहिला घास बापाला, मग स्वतःला. बापाने तक्रार केली नाही. आज ती श्रीगोंद्याला असते आणि नातवंडांवर ओरडते. तिचे आबा आता नाहीत, तुमचे आजोबाही नाहीत. आम्ही नगरला सावेडीत घर बांधले तेव्हा बैलाचे डोके बरोबर आणले. उजवे शिंग तुमच्या आईने लहानपणी मोडले. बाकीचे डोके कपाटावर आहे, आणि कडुलिंबामुळे त्याला अजून वाळवी लागलेली नाही.