थर्मनच्या मित्राचा ट्रायपॉड

आमच्या थर्मनला बोलताना अडवायचं नाही, असा गावाचा अलिखित नियम आहे. अडवून उपयोगही नसतो. अख्खी नोकरी त्याने अ‍ॅरिझोनाच्या या डोंगरातले कच्चे रस्ते सपाट करणारं यंत्र चालवण्यात घालवली. त्या घरघरीत त्याला कोणी उलट बोललेलं कधी ऐकूच आलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर यंत्र सुटलं तरी सवय राहिली. मी त्याची धाकटी बहीण, नोला. गावात माझं दुकान आहे. खिळे, कुंपणाची तार, गुरांचं खाद्य आणि मागच्या भिंतीला शिकारीचं सामान. लहानपणापासून थर्मनबरोबर शिकारीला जाते ती मीच, कारण दुसरं कोणी त्याची बडबड दिवसभर सहन करत नाही.

मागच्या भिंतीला मी ट्रायपॉड टांगून ठेवते. दुर्बीण त्यावर बसवायची आणि समोरचा डोंगर इंच इंच न्याहाळायचा. जनावर दिसलं की दुर्बीण काढून रायफल चढवायची. हल्ली सगळे असंच करतात. सगळे म्हणजे थर्मन सोडून. गिऱ्हाईक ट्रायपॉडला हात लावायला आणि थर्मन दारातून आत यायला एकच गाठ पडायची.

"काय रे, गाय घेतलीस वाटतं?" तो विचारायचा.

"गाय? नाही बुवा."

"मग हे धार काढायचं तीन पायांचं स्टूल कशाला? देवाने दोन पाय दिलेत आणि वर एक खांदा दिलाय. झाले की तीन पाय! आम्हा योस्ट घराण्यात उभ्याने गोळी घालतात."

गिऱ्हाईक ओशाळं हसून खिळे घेऊन जायचं. सख्ख्या भावाने माझ्या धंद्याला लावलेला असा हा हातभार.

मग दोन वर्षांपूर्वी थर्मनचे हात थरथरायला लागले. जिवाला धोका नाही, बापाकडून आलंय, औषधाने कमी होईल पण जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाला. हे मला त्याच्या बायकोने, ग्लेंडाने सांगितलं. 'कोणाला बोलू नको' अशी शपथ घालून सांगितलं, आणि तशीच शपथ घालून तिने गावातल्या निम्म्या बायकांना सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, गावाने विचारपूस केली असेल. छे! आमच्याकडे माणसाच्या शरीराबद्दल विचारत नाहीत, सामानाबद्दल विचारतात. ऑर्व्हल बेकच्या छातीची शस्त्रक्रिया झाली तेव्हा जो तो त्याला "ट्रकचं इंजिन कसं चाललंय?" असं विचारायचा. ऑर्व्हलही तोंड गंभीर करून सांगायचा, "चढावर धाप लागते अजून." ट्रक नवा कोरा होता. तेव्हा थर्मनच्या हातांकडे कोणी पाहिलं नाही. मेव्हिसच्या कॅफेत सकाळी सगळे जमतात. ही मेव्हिस फुकट बिस्किटाचा तुकडाही कोणाला देणार नाही. ती मात्र न सांगता त्याचा कॉफीचा कप अर्धाच भरायला लागली आणि त्याच्या टेबलाकडे दुप्पट फेऱ्या मारायला लागली. थर्मन मधल्या वेळात हात खिशात ठेवायचा. झाकली मूठ.

आणि अशात त्याला परवाना लागला. आमच्या डोंगरातल्या मोठ्या नर एल्कचा, म्हणजे घोड्याएवढ्या शिंगाळ्या हरणाचा, परवाना सोडतीत मिळतो. थर्मनने पहिला अर्ज भरला तेव्हा त्याचे केस काळे होते. दरवर्षी नशीब हुलकावणी देत गेलं, आणि उघडलं ते हात गेल्यावर. चणे आहेत तर दात नाहीत, तशातला प्रकार.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बघू, लागली तर लागली गोळी. पण थर्मनला ते शक्य नव्हतं, कारण त्याने स्वतःच स्वतःला बांधून घेतलं होतं. आमच्या बापाचा नियम होता, हात स्थिर नसेल तर चापाला बोट लावायचं नाही. जखमी जनावर तीन डोंगरांपलीकडे जाऊन कुठेतरी झाडीत तडफडून मरतं, यापेक्षा मोठं पाप नाही. बाप नुसता सांगायचा, थर्मन अंमलबजावणी करायचा. एकदा ऑर्व्हलने घाईत गोळी घातली, ती एल्कच्या मांडीला लागली. शोधून शोधून थकले, शेवटी डोमकावळ्यांनी दाखवलं कुठे पडलाय ते. त्यानंतर वर्षभर थर्मन त्याच्याच टेबलाला बसला, त्याला साखर पुढे सरकवली, पण एक शब्द बोलला नाही. गावाने थर्मनला शांत पाहिलं ते तेवढंच.

आता तोच नियम त्याच्या अंगावर आला होता. रायफल स्थिर करता आली तर ठीक. नाही तर परवाना सरकारला परत करायचा, आणि पुन्हा सोडत लागेपर्यंत जगायचं. ग्लेंडाने परत करायचा कागद आणून टेबलावर ठेवलासुद्धा. त्याने त्यावर कॉफीचा कप ठेवला.

ऑगस्टमधल्या एका दुपारी दुकानात चिटपाखरू नसताना थर्मन आला. आधी कुंपणाची तार पाहिली. मग गुरांचं मीठ पाहिलं. मग मागच्या भिंतीला पाठ लावून म्हणाला, "नोला, एका मित्राला ट्रायपॉड हवाय."

"कोणत्या मित्राला?"

"आहे एक. तू ओळखत नाहीस."

या गावात मी ओळखत नाही असा माणूस अजून जन्मायचाय. ताकाला जाऊन भांडं लपवायची हौसच असेल तर लपवू दे म्हटलं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं म्हणतात ते हेच, फक्त इथे बंदूक खरीच होती आणि खांदा काल्पनिक.

"उंची किती तुझ्या मित्राची?"

"माझ्याएवढी."

"आणि स्वभाव?"

"ट्रायपॉडला स्वभाव कशाला लागतो? दाखव गुपचूप."

पहिला दाखवला त्याचे पाय पिळून घट्ट करायचे होते. थर्मनने पिळले. खालचा पाय हळूच घसरला आणि सगळं लवाजम्यासकट वाकलं. बोटांना घट्ट झालंय की नाही ते कळतच नव्हतं त्याच्या. त्याने तो बाजूला सारला.

"त्याला मोठ्या खटक्यांचे पाय हवेत. बसला की आवाज येणारे. तो हातमोजे घालतो."

"ऑगस्टमध्ये?"

"थंडी वाजते त्याला."

रायफलच्या जागी आम्ही झाडू चढवला. वरचं डोकं गोटीसारखं फिरणारं होतं. एकच खिट्टी सैल केली की चारी दिशा मोकळ्या. थर्मनने खिट्टी सोडली आणि झाडूने दारुड्यासारखी मान टाकली. मग मी डावं-उजवं वेगळं आणि वर-खाली वेगळं धरणारं डोकं दाखवलं. ते त्याला पटलं. शेवटी पायांचा प्रश्न आला, अ‍ॅल्युमिनियम की कार्बन. थर्मनने झाडूच्या मुठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या टोकाकडे पाहायला लागला. अ‍ॅल्युमिनियमवर टोकाचे केस थरथरत होते, थांबायचं नावच घेत नव्हते. कार्बनवरही थरथरले, पण लवकर निवले. त्याने तीनदा करून पाहिलं. मी फळीवर सामान लावत असल्यासारखं केलं.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि ऑर्व्हल आत आला. थर्मनने झाडू उपसला आणि दुकान झाडायला लागला.

"बहिणीने कामाला ठेवलं वाटतं!" ऑर्व्हल म्हणाला.

"धूळ बघ किती आहे. धंदा असाच चालतो का?" असं मलाच सुनावून थर्मनने कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होत अख्खं दुकान झाडलं. इतकं स्वच्छ ते पुन्हा झालेलं नाही.

मी ग्लेंडाला 'कोणाला बोलू नको' अशी शपथ घालून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी कॅफेत थर्मनच्या मित्राची चौकशी सुरू झाली. कोणी हसलं नाही. तीच तर मोठी गंमत.

"तुझ्या मित्राला सांग, मधली दांडी वर सरकते तो घेऊ नको. वाऱ्यात डोलतो," एकजण म्हणाला.

"खाली वजन टांगायला आकडा आहे का बघ म्हणावं त्याला," मेव्हिस म्हणाली. ही बाई जन्मात शिकारीला गेलेली नाही.

ऑर्व्हलने टेबलावर मूठ आपटली. "अ‍ॅल्युमिनियम! अ‍ॅल्युमिनियमशिवाय बात नाही. कार्बन म्हणजे सूट-बूट घातलेलं प्लॅस्टिक. दगडावर आपटला की गेला. मी मरेन, पण कार्बन घेणार नाही. तुझ्या मित्राला काडीची अक्कल असेल तर त्यानेही घेऊ नये."

"सांगतो त्याला," थर्मन म्हणाला.

रविवारी चर्चच्या पायरीवर पाद्रीबुवांनी त्याचा खांदा थोपटला. म्हणाले, "तुझ्या त्या मित्रासाठी प्रार्थना करतोय. आणि त्याला म्हणावं, पायाला रबर नको, टोकदार खिळे बघ."

सप्टेंबरच्या शेवटी, एल्क नर माजावर येऊन डोंगरभर शीळ घातल्यासारखे ओरडतात त्या दिवसांत, मी आणि थर्मन उजाडायच्या सुमारास कड्यावर जाऊन बसलो. त्याने मित्राचा ट्रायपॉड उघडला. कार्बनचा. दुर्बीण बसवली, डोळे लावले आणि गप्प झाला. मी वाट पाहिली. थर्मन आणि गप्प! मला वाटलं, काही झालं की काय.

"काय दिसतंय?"

"खार आहे एक. ओंडक्यावर." मग बऱ्याच वेळाने, "नोला, तिकडे माद्या आहेत. मधली कान हलवतेय. माशी बसलीय तिच्या कानावर."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेली दोन वर्षं हातात दुर्बीण धरून हा 'हो हो, दिसलं, दिसलं' म्हणत होता ना, त्याला काहीच दिसत नव्हतं. नुसता डोंगर नाचत होता डोळ्यांपुढे. आणि आता हा माणूस एका मादीचा कान बघून सुखावला होता. मी रुमालाने माझ्या दुर्बिणीची काच पुसली. ती स्वच्छच होती.

मग शीळ ऐकू आली, आणि समोरच्या उतारावर पाइनच्या झाडीतून तो नर बाहेर आला. डोक्यावर शिंगांचं वाळकं झाडच. थर्मन ताडकन उठला आणि ट्रायपॉडचे पाय खेचून पूर्ण उंच करायला लागला.

"अरे, हे काय करतोस?"

"योस्ट घराण्यात उभ्याने—"

"घराण्याचं नंतर बघू!"

पण ऐकेल तर थर्मन कसला. दुर्बीण काढली, रायफल ट्रायपॉडच्या डोक्यावरच्या चिमट्यात ठेवली, आणि चिमट्याचा छोटासा खटका बंद करायला गेला. बोट खटक्यावरून निसटलं. पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा दोन्ही हात लावले, तर दोन्ही हात एकमेकांशीच भांडायला लागले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मान आणखी खाली घातली.

माझ्या दुकानातल्या मालाला मी कधी नाव ठेवत नाही. गंजलेला खिळाही मी 'मुरलेला' म्हणून विकते. पण त्या दिवशी म्हणाले, "तो खटकाच भिकार आहे. सगळ्या गिऱ्हाइकांची तक्रार आहे. खोकाच्या खोका परत पाठवणार आहे मी." आणि हात घालून बंद केला.

"भिकारच आहे," थर्मन म्हणाला.

त्याने गाल रायफलला लावला. वारा सुटला होता. एवढ्या उंचावर वारा आणि हात मिळून रायफलची नळी लिहायला शिकणाऱ्या पोरासारखी गिरगटत होती. नर चालायला लागला. झाडी जवळच होती. थर्मनने बोट चापापासून बाजूला घेतलं.

"हलतंय," तो म्हणाला. "नाही घालणार मी गोळी. जाऊ दे त्याला."

तो खरंच जाऊ देणार होता. एवढ्या वर्षांची वाट, आणि हा माणूस मागे सरकत होता. त्याचा मला अभिमान वाटला आणि रागही तेवढाच आला.

"थर्मन, पाय आखूड कर आणि खाली बस. धार काढायला बसतात तसा बस!"

"मी नाही—"

"गाय चालली गोठ्यातून, बस म्हणते ना!"

तो बसला. मीच खटके दाबून पाय आत घातले. माझी पिशवी खालच्या आकड्याला टांगली, मेव्हिसची सूचना. एका मांडीवर कोपर, ट्रायपॉड दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, हुबेहूब गवळी. नळी दोनदा थरथरली आणि निवली. झाडीच्या तोंडाशी नर थांबला, मान वळवून त्याने शीळ घातली. ती संपायच्या आत थर्मनने चाप ओढला. नर चार पावलं चालला आणि बसल्यासारखा खाली गेला. पुन्हा हलला नाही.

थर्मनने रायफलवरून दोन्ही हात काढून डोळ्यांसमोर धरले. ते पानांसारखे थरथरत होते. रायफल मात्र जागच्या जागी, अजून तिकडेच रोखलेली.

"बघ," तो म्हणाला, "थांबले कुठे आहेत!" आणि रडायला लागला. मीही रडले. योस्ट घराण्यात हे उभ्याने करतात की बसून, ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी कॅफे गच्च भरलं होतं. गोष्ट ऐकायला सगळे कान टवकारून बसले होते. येताना ट्रकमध्ये मी त्याला म्हटलं होतं, "सांग, उभ्याने मारला. मी हो म्हणेन." त्याने मान खिडकीकडे वळवली होती.

मेव्हिसने अर्धा कप ओतला. ऑर्व्हल खुर्चीत रेलून म्हणाला, "मग? तुझ्या मित्राचा ट्रायपॉड चालला का?"

थर्मनने खिशातून हात काढले आणि टेबलावर ठेवले. सगळ्यांसमोर. चमचा बशीत किणकिणायला लागला.

"मित्र-बित्र कोणी नाही," तो म्हणाला. "माझे हात थरथरतात. दोन वर्षं झाली. बसून मारला मी त्याला, धार काढायला बसतात तसा. खटकाही नोलाने लावला."

आमच्या गावात एवढं सरळ कोणी कधी बोललं नव्हतं. मेव्हिस कॉफीचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. चमचा किणकिणत होता. सगळे ऑर्व्हलकडे बघायला लागले, कारण थर्मनने त्याच्याशी धरलेल्या वर्षभराच्या अबोल्याची फेड अजून व्हायची होती आणि अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

ऑर्व्हलने घसा खाकरला.

"पाय कार्बनचे घेतलेस की अ‍ॅल्युमिनियमचे?"

"कार्बनचे."

ऑर्व्हलने हात पुढे करून तो चमचा बशीतून उचलला आणि आपल्या बशीत ठेवला.

"बरं केलंस," तो म्हणाला.