दाऊदमामूंनी बांधलेली तार

दाऊदमामूंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. शहराबाहेर नव्यानं उभ्या राहिलेल्या एका खाजगी विद्यापीठात मी पर्यावरण स्वयंसेवक विभागाची क्लार्क, आणि ते नर्सरीतले रोजंदारी माळी. एके दिवशी येऊन बघते तर माझ्या टेबलाखाली करंजाच्या रोपांच्या पिशव्या, सगळ्या फरशीवर चिखल. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, हे ऑफिस आहे का वाफा?" तर म्हणतात कसे, "मॅडम, बाहेर ऊन लई आहे. दोन घंटे राहू द्या, मग फरशी मी पुसतो." आणि खरंच पुसली हो! असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्याआधी वीस वर्षं ते शहागंजात एका लोखंडाच्या दुकानात होते. सळयांचे भारे तारेनं आवळून बांधायचं काम. कंबर गेली तेव्हा ते सोडून इकडं आले. झाडांचं त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, बघून बघून शिकले. आमच्याकडं वर्षाला साठ तास काम केलं की पोरांना प्रमाणपत्र मिळतं. दर शनिवारी सकाळी आळीपाळीनं पन्नास-साठ पोरं-पोरी येतात. निम्मी त्या कागदासाठीच येतात म्हणून मी करवादायची. मामू म्हणायचे, "येऊ द्या ना मॅडम. हात तर चालतात त्यांचे." आळं कसं करायचं, मुळाची माती न सांडता पिशवी कशी फाडायची, हे ते एकेकाच्या शेजारी उकिडवे बसून दाखवायचे. पोरं त्यांना मामू म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले.

प्रत्येक पोराला एक झाड नेमून दिलेलं, आणि झाडाला नंबराची पत्र्याची पाटी. पाट्या सुतळीनं बांधल्या होत्या. उन्हापावसानं सुतळी कुजली, पाट्या खाली पडल्या आणि माझं झाड कोणतं यावरून पोरांची भांडणं सुरू झाली. विभागप्रमुख ऋतुराज सर माझ्यावर उखडले. तेव्हा मामू म्हणाले, "माझ्यावर सोडा." शहागंजातून त्यांनी बांधकामाची तार आणली, पकड आणली आणि पोरांना रांगेनं बसवून शिकवलं. खोडाला दोन वेढे, मग पीळ. "अशी आवळा की वारा सुटला तरी पाटी हलायला नको." तीनशे चाळीस झाडं दोन शनिवारांत उरकली. सरांनी भर बैठकीत कौतुक केलं, मामू नुसते लाजले. टाळ्या मीही वाजवल्या.

त्याला चार वर्षं झाली. यंदा मे महिन्यात एका दुपारी वारा सुटला आणि चौदा झाडं मोडली. सगळी एकाच जागी, कमरेएवढ्या उंचीवर. मामूंनी कडुलिंबाच्या खोडाचा मोडका तुकडा आणून माझ्या टेबलावर ठेवला. तार खोडात पार आत शिरली होती आणि दोन्ही बाजूंनी साल तिच्यावर चढली होती.

"झाड जाड होत जातं, हे मी विसरलो मॅडम," ते म्हणाले. "सळई थोडीच जाड होत जाते! मी माझ्या हातानं फास लावला त्यांना." बोलता बोलता ते रडायला लागले. पन्नाशी उलटलेला माणूस, लेकरासारखा रडत होता. मग डोळे पुसून म्हणाले, "लिवा, तार दाऊदनं बांधली. आन् बाकीच्या झाडांच्या तारा आत्ताच्या आत्ता तोडाया लागतील."

मला असा राग आला! अकरा वर्षांनी त्याच महिन्यात त्यांचं नाव कायम करायच्या यादीत आलं होतं. म्हटलं, "गप बसा मामू! कुणी विचारलंय तुम्हाला? आपल्या हातानं आपल्या पोटावर पाय देताय?" आणि मी अहवालात लिहिलं: सोसाट्याच्या वाऱ्यामुळे चौदा झाडे मोडली. सरांनी न वाचता सही केली. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं मला. कसलं पुण्य, डोंबल माझं!

मामू सरांकडं गेलेच. सर म्हणाले, ऑगस्टात बाहेरची तपासणी समिती झाडं मोजायला येणार आहे, तोवर एका पाटीला हात लावायचा नाही. आणि वाऱ्यानं पडल्याचं अहवालात आलंय, विषय संपला. मामू परत माझ्यापुढं उभे. "मॅडम, तेवढं बदलून लिवा ना." मी म्हटलं, ऑगस्ट होऊन जाऊ दे. "तवर जगतील का ती?" मी कॉम्प्युटरकडं तोंड वळवलं.

मग ते रोज सकाळी सहाला येऊन एकटेच तारा तोडायला लागले. सैल दोरीनं पुन्हा बांधायच्या म्हणून पाट्या पिशवीत जपून ठेवायचे. एकोणतीस झाडं झाली आणि सुरक्षारक्षकानं पिशवीसकट धरलं. पाट्या भंगारात विकायला चालले होते म्हणे! अकरा वर्षांत त्या माणसानं नर्सरीतलं एक फूल घरी नेलं नव्हतं.

चौकशीला तिघं जण बसले होते. मामूंनी सगळं खरं सांगितलं. त्या तिघांनी माझा अहवाल काढला आणि मला बोलावलं. "तारेमुळं झाडं मोडली, असं यानं तुम्हाला सांगितलं होतं का?"

एक 'हो' म्हणायचं होतं. पण मग खोटा अहवाल मी लिहिला, हे आलंच. माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिलेले. मी घाबरले, दुसरं काही कारण नाही. म्हटलं, "आठवत नाही."

मामूंनी माझ्याकडं पाहिलं. मग त्या तिघांना म्हणाले, "मॅडम बरोबर बोलतात. मी त्यांना काय बी सांगितलं नव्हतं."

यादीतून नाव गेलं आणि रोजंदारीही गेली. मी गेटपर्यंत त्यांच्यामागं पळत गेले. "मामू, असं का बोललात?"

"तुमी माझ्यासाठीच लिवलं होतं ना," ते म्हणाले. "दोघांनी कशाला बुडायचं?" मग पिशवी खांद्याला लावत म्हणाले, "दोनशे सत्त्याण्णव राहिलीत. तेवढं बघा."

समिती आली, झाडं मोजून, खूश होऊन गेली. आता रविवारी विद्यापीठात कुणी नसतं तेव्हा मी पकड घेऊन जाते. सुरीनं साल खरवडावी लागते, माझ्या मनगटात जोर नाही. मागच्या रविवारी चार झाडं झाली. त्यातलं एक वरून वाळलेलंच होतं.

शनिवारी साठ पोरं माझ्यापुढं उभी असतात. चांगली धडधाकट, मनावर घेतलं तर दोन शनिवारांत सगळ्या तारा निघतील. "मॅडम, आज काय काम?" म्हणून विचारतात. पण तारा तोडायला सांगितलं, तर त्या कुणी बांधल्या, इतके दिवस का ठेवल्या आणि मामू कुठं गेले, हेही विचारतील. मी त्यांना प्लास्टिक वेचायला पाठवते.