विसाच्या आत

“फरशी राहू द्या. भाडं किती येतं?”

दलाल दार उघडून फ्लॅटच्या फरशीचं कौतुक सांगत असायचा आणि आमचे शेठ उंबऱ्याबाहेरच उभे. चप्पलसुद्धा काढायचे नाहीत. महिन्याचं भाडं कळलं की त्याला बाराने गुणायचे, घराच्या किमतीला त्या आकड्याने भागायचे आणि उत्तर विसाच्या वर गेलं की जिन्याकडे वळायचे. “चला बाई.” चाळीस लाखांचा फ्लॅट, नऊ हजार भाडं, म्हणजे सदतीस वर्षांचं भाडं आजच मोजून द्यायचं. सांगलीतले निम्मे फ्लॅट मी असे जिन्यातूनच पाहिले आहेत.

शेठ विट्याकडचे. तिकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायला, देशभर पांगलेली असतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. शेठनी कोइमतूरला उमर काढली, दुकान मुलाच्या हाती दिलं आणि बायकोच्या औषधपाण्यासाठी सांगलीत आमच्या शेजारी भाड्याने राहायला आले. ती गेली तरी इथेच राहिले.

मी विनाअनुदानित शाळेतली मास्तरीण. निवृत्त झाले तेव्हा टाळ्या मिळाल्या, पेन्शन नाही. पाटणचा जमिनीचा तुकडा विकून आलेल्या पैशात घर घ्यायचं आणि भाड्यावर म्हातारपण काढायचं, एवढाच बेत होता. तो फसला असता तर भावाच्या दारात जावं लागलं असतं.

“आवं बाई, सोनं आलं की लगीच भट्टीत घालत न्हाईत,” शेठ समजावायचे. “आधी कसोटीवर घासून बघायचं. ह्यो भागाकार म्हंजी निस्तं घासनं. घरपट्टी, दुरुस्ती, रिकामं पडल्यालं म्हैनं, त्यो हिशोब मागनं.”

मालकाने सांगितलेल्या भाड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नसे. एका मालकाने अठरा हजार सांगितले. शेठनी दारातूनच भाडेकरणीकडे पाणी मागितलं आणि भाडं लय हाय म्हणून हळहळले. “भाडं कसलं?” ती म्हणाली. “मालक माझे मामाच की.” आम्ही पाणी पिऊन निघालो.

दोन उन्हाळे असे गेले. एकदा शेठ मला त्यांच्या गावचं घर दाखवायला घेऊन गेले. दुमजली, सागवानी दारं, प्रशस्त स्वयंपाकघर. वर्षभर बावीस लाखांना विकायला काढलेलं, पण गिऱ्हाईक नव्हतं. शेठना आता कायमचं मुलाकडे जायचं होतं आणि मुलाचा धंदा बसला होता. “पोराकडं रिकाम्या हातानं जाऊ वाटंना,” ते म्हणाले.

मी फिरून फिरून कंटाळले होते, घर मनात भरलं होतं, आणि शेठची नडही भागणार होती. म्हटलं, “शेठ, मीच घेते.”

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

“हितं भाड्यानं कोन येनार? शाळंतला एखादा मास्तर. दोन हजार दील.” मग तोंडातल्या तोंडात भागाकार. “ब्यान्नव.”

“पण मला आवडलंय.”

“मलाबी लय आवडतं. म्हनून तर बांधलं. पर तुमी खानार काय? चला बाई, एष्टी चुकंल.”

चालून आलेल्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या घरातून बाहेर काढणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला असेल तर कळवा.

पुढे लोणंदला कारखान्यांच्या रस्त्यावर पत्र्याच्या चार खोल्या सापडल्या. दिसायला ओंगळ, भागाकार सतराच्या आत. शेठनी चारही भाडेकरूंना स्वतः विचारलं, दुरुस्तीचा खर्च काढला आणि मगच मला सही करू दिली. आज माझा किराणा आणि औषधं त्या खोल्यांवर चालतात.

शेठ नंतर कोइमतूरला गेले, रिकाम्या हातानेच. त्यांच्यावाचून आमची गल्ली मला अजून सुनी वाटते. परवा त्यांचा फोन आला तेव्हा मी गावच्या घराची चौकशी केली.

“फोन येत्यात की. भाडं किती सुटंल म्हनून इचारत्यात. म्या सांगतो दोन हजार. मग ठेवत्यात.”

“थोडं वाढवून सांगायचं, शेठ.”

“पोरगंबी तेच म्हनतंय. आता त्यानं घरावरच्या इक्रीच्या पाटीवरचा माझा नंबर खोडायला लावून त्याचा घातलाय.” ते हसले. मग म्हणाले, “खोल्या भरल्यात न्हवं?”

“चारही भरल्या आहेत.”

“मग झालं तर,” शेठ म्हणाले. आवाजात समाधान होतं.